सेल शेवटी, आधी गॅसचा हिशेब

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या जवळपास प्रत्येक शेडमध्ये भिंतीला साखळीने बांधलेला 47 लिटरचा पोलादी सिलिंडर असतो. तसल्याच लाल सिलिंडरात 150 बार दाबाने हायड्रोजन भरला तर सात घनमीटर गॅस मावतो. ऐकायला भरपूर वाटतं, पण वजन केलं तर हा गॅस जेमतेम 600 ग्रॅम भरतो आणि त्याला सांभाळणारं पोलाद पन्नास-साठ किलो. या 600 ग्रॅममधून चांगला फ्युएल सेल, म्हणजे हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून थेट वीज बनवणारं यंत्र, दहा युनिट वीज काढतो. इंडक्शन भट्टीत एक टन बीड (ओतीव लोखंड) वितळवायला साधारण 600 युनिट लागतात. म्हणजे टनाला साठ सिलिंडर.

फ्युएल सेल बाजारात का टिकत नाही याची चर्चा बहुतेक वेळा सेलवरूनच सुरू होते. उत्प्रेरक म्हणून लागणारं प्लॅटिनम महाग, गॅस आणि हवा वेगळी ठेवणारा पडदा महाग, जोडणी अवघड. हे सगळं खरं आहे. पण बेळगाव-खानापूर-निपाणी-चिकोडी या आपल्या पट्ट्यात या तंत्रावर सार्वजनिक पैसा घालायचा का, आणि घालायचा तर कुठे, हे ठरवायला त्या लाल सिलिंडरापासूनच सुरुवात करावी लागते.

प्रश्न आत्ताच विचारायला हवा, कारण पैसा वाहू लागला आहे. केंद्राने 4 जानेवारी 2023 रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली. तरतूद 19,744 कोटींची आणि उद्दिष्ट 2030 पर्यंत वर्षाला 50 लाख टनांचं. सीमेपलीकडे महाराष्ट्राने जुलै 2023 मध्ये स्वतःचं धोरण आणलं, 8,562 कोटींचं. मार्च 2025 मध्ये केंद्राने 37 बस-ट्रक आणि नऊ भरणा केंद्रांच्या पथदर्शी प्रकल्पांना सुमारे 208 कोटी मंजूर केले. अशा वेळी जिल्ह्याजिल्ह्यातून मागणी होणं साहजिक आहे की आमच्याकडेही एक हायड्रोजन बस द्या. आमचं म्हणणं स्पष्ट आहे. बेळगावने ती बस आत्ता मागू नये. तेवढा पैसा तीन ठिकाणी जावा: साखर कारखान्यांच्या बायोगॅसच्या शुद्धीकरणावर, सेलभोवतीच्या सुट्या भागांच्या निर्मितीवर, आणि ते भाग तपासणाऱ्या एका सार्वजनिक चाचणी केंद्रावर.

आता हिशेब. एक किलो हायड्रोजनमध्ये 33 युनिट ऊर्जा असते. सेलची कार्यक्षमता पन्नास टक्के धरली तर हाती सोळा-साडेसोळा युनिट येतात. पाण्याचं विद्युत विघटन करून तोच एक किलो तयार करायला, पंप आणि शुद्धीकरण धरून, 55 युनिट खर्च होतात. म्हणजे 55 घालून सोळा परत, आणि तेही गॅस दाबाखाली भरण्याची वीज न धरता. औद्योगिक वीज सात रुपये धरली तर किलोमागे नुसती वीजच 385 रुपयांची झाली. सौर वीज साडेतीन रुपयांनी मिळाली तर हा आकडा 190 वर येतो, पण सूर्य दिवसाचे चोवीस तास नसतो. एक मेगावॉटचा इलेक्ट्रोलायझर (हे विघटन करणारं यंत्र) अखंड चालला तर दिवसाला 430 किलोच्या आसपास गॅस देतो. नुसत्या सौर विजेवर तो वर्षाच्या बावीस टक्के वेळच पूर्ण क्षमतेने चालल्यासारखा होतो आणि रोजची सरासरी पंचाण्णव किलोवर येते. यंत्राचं कर्ज तेवढंच राहतं, गॅस पावपट होतो. स्वस्त सौर विजेतून स्वस्त हायड्रोजन मिळेल असं सांगणारे हे दुसरं वाक्य सहसा सांगत नाहीत.

हा गॅस कोणाशी स्पर्धा करणार? डिझेल जनित्राशी करू शकतो. लहान जनरेटर लिटरमागे तीन ते साडेतीन युनिट देतो. सोळा युनिटांना पाचेक लिटर डिझेल लागतं, नव्वद रुपयांच्या भावाने साडेचारशे रुपयांच्या घरात. हायड्रोजन शेडच्या दारात किलोला साडेचारशेच्या खाली पोचला तर इंधनापुरता तो डिझेलला गाठतो. हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीच्या मीटरशी मात्र त्याला झुंजता येत नाही. सोळा युनिट गुणिले सात म्हणजे 112 रुपये, आणि या किमतीला हायड्रोजन कोणी देत नाही.

बसचं गणित याहून कडक आहे. फ्युएल सेलची मोठी बस शंभर किलोमीटरला साधारण आठ किलो हायड्रोजन घेते. तेवढ्या अंतराला बॅटरीच्या बसला 120 युनिट पुरतात. आठ किलो गॅस विजेपासून बनवायचा तर 440 युनिट लागतील. एकाच विजेवर एक बस धावते तिथे दुसरी साडेतीनपट वीज खाते. बेळगाव-निपाणी, बेळगाव-गोकाक, बेळगाव-खानापूर ही अंतरं बॅटरीच्या आवाक्यातली आहेत. लांब पल्ल्याच्या अवजड ट्रकबद्दल वाद घालता येईल, शहराच्या आणि तालुक्याच्या बसबद्दल वादाला जागा राहिलेली नाही.

काहीजण म्हणतील की गॅस बनवायचा कशाला, घाटाखाली कारवारजवळ बिणग्याला कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यात तो आपोआपच निघतो. बरोबर आहे. एक टन कॉस्टिकमागे 25 किलो हायड्रोजन निघतो आणि तो बऱ्यापैकी शुद्ध असतो. पण असा गॅस सहसा वाया जात नाही. एक तर त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं, नाही तर तो बॉयलरला जातो. तो काढून घेतला तर बॉयलरला दुसरं जळण द्यावं लागेल, म्हणजे ती त्याची किमान किंमत झाली. त्यावर तो सुकवण्याचा, 200 बारपर्यंत दाबण्याचा आणि वाहून आणण्याचा खर्च. पोलादी नळ्यांचा एक अवजड ट्रेलर तीन-साडेतीनशे किलो गॅस आणतो. रोज 200 किलोमीटर धावणाऱ्या वीस बसना 320 किलो लागेल. म्हणजे वीस बसच्या एका आगारासाठी एक अख्खा ट्रेलर रोज घाट चढणार आणि रिकामा उतरणार. पावसाळ्यात दरड कोसळून घाट बंद झाला की आगार बंद.

सेलकडे वळू. हे तंत्र काही कालचं नाही. विल्यम ग्रोव्हने 1839 मध्ये ते दाखवलं आणि 1965 मध्ये ते जेमिनी यानातून अंतराळात गेलं. अवकाशात किंमत विचारावी लागत नव्हती, इथे ती पहिल्या दिवसापासून विचारावी लागते. एका सेलचा सैद्धांतिक विद्युत दाब 1.23 व्होल्ट, प्रत्यक्ष भाराखाली 0.65 च्या आसपास. दर चौरस सेंटिमीटरला एक अँपिअर आणि सेलचं क्षेत्रफळ 200 चौरस सेंटिमीटर धरलं तर एक सेल 130 वॉट देतो. 50 किलोवॉटला असे 385 सेल एकावर एक रचावे लागतात. प्रत्येकात केसापेक्षा पातळ, पंधरा-वीस मायक्रॉनचा पडदा, दोन्ही बाजूंना उत्प्रेरकाचा थर, कार्बनचा कागद, नक्षीदार पट्ट्या आणि भोवती गॅस्केट. सगळे एकसर जोडलेले. एका गॅस्केटने दगा दिला तर 384 चांगले सेल असूनही संच बंद.

प्लॅटिनमची धास्ती लोक उगाच जास्त घेतात. दर चौरस सेंटिमीटरला 0.4 मिलिग्रॅम धरलं तर या संचात तीस ग्रॅमच्या आसपास प्लॅटिनम बसतं. रक्कम मोठी आहे, पण संच मेल्यावर ते परत काढता येतं. खरी दुखणी आयुष्याची आहेत. अवजड ट्रकसाठी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 2030 चं लक्ष्य 25,000 तास आणि किलोवॉटला 80 डॉलर असं ठेवलं आहे. यातला 25,000 हा आकडा आम्हाला डॉलरच्या आकड्यापेक्षा मोठा वाटतो.

संच मरतो कसा, हे नीट समजून घेतल्याशिवाय कोणी तो विकत घेऊ नये. बंद पडलेल्या संचात हवा शिरते. पुन्हा चालू करताना एका बाजूने हायड्रोजन ती हवा ढकलत पुढे जातो आणि त्या काही सेकंदांत पलीकडच्या बाजूचा विद्युत दाब दीड व्होल्टच्या आसपास चढतो. त्यात उत्प्रेरकाखालचा कार्बनच जळतो. प्रत्येक चालू-बंदला थोडा थोडा. कुठे पाण्याचा थेंब साचून हायड्रोजनची वाट अडली तर तो सेल उलटा होतो, बाकीचे सेल त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलतात आणि पडद्याला भोक पडतं. पडदा कोरडा पडला तर प्रवाहाला विरोध वाढतो, फार ओला झाला तर हवा पोचत नाही. इंधनातला कार्बन मोनॉक्साइड दहा लाखांत 0.2 भागाच्या वर चालत नाही. गंधकाची मर्यादा तर अब्जात चार भाग इतकी कडक आहे. वेल्डिंगला चालणारा हायड्रोजन इथे चालेलच असं नाही, हे गॅस विक्रेत्याला आणि खरेदी खात्याला दोघांनाही लेखी सांगावं लागतं.

इंधनाचं प्रमाणपत्र मागणारे हवेचं प्रमाणपत्र मागायला विसरतात. सेल बाहेरची हवा ओढतो, आणि उद्यमबाग, मच्छे, होनग्याची हवा ही फौंड्रीची हवा आहे. कोल्डबॉक्स पद्धतीने कोअर (साच्यात बसवायचा वाळूचा गाभा) बनवताना अमाइनचा वायू सोडतात. शेल कोअरच्या वाळूत हेक्सामाइन असतं, ती तापली की अमोनिया सुटतो. हे दोन्ही क्षारधर्मी, सेलचा पडदा आम्लधर्मी. पडद्यात शिरले की प्रोटॉनची जागा अडवून बसतात आणि वीज कमी होत जाते. नो-बेक, म्हणजे न भाजता घट्ट होणाऱ्या साच्यांत सल्फॉनिक आम्लाचा हार्डनर वापरला की ओतकामाच्या वेळी सल्फर डायऑक्साइड निघतो, तो प्लॅटिनमला चिकटतो. धूळ अडवणारा साधा कागदी फिल्टर यातलं काहीच अडवत नाही. त्यासाठी रसायन शोषणारा कार्बनचा फिल्टर हवा, आणि तो दिसायला स्वच्छ असला तरी वेळेवर बदलायला हवा. लोखंडाचा गंजही तितकाच वाईट. लोहाचे विद्युतभारित अणू पाण्यातून पडद्यात पोचले की तिथल्या पेरॉक्साइडपासून पडदा कुरतडणारे रॅडिकल तयार करतात. म्हणून संच थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत साधी लोखंडी नळी, पितळी कॉक, तांब्याचा जोड काही चालत नाही. घाईच्या वेळी दुकानातून आणलेला एक पितळी निपल संचाची वॉरंटी घालवू शकतो.

उष्णतेचंही सांगितलं पाहिजे, कारण घाट आपल्या दारात आहे. डिझेल इंजिन आपल्या उष्णतेतला मोठा वाटा धुरातून फेकतं, आणि त्याचं पाणी नव्वद अंशांच्या वर असतं. फ्युएल सेलची जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातूनच काढावी लागते आणि ते पाणी सत्तरच्या आसपासच ठेवावं लागतं. बाहेर 38 अंश असताना डिझेलच्या रेडिएटरला पन्नासहून जास्त अंशांचा फरक मिळतो, सेलच्या रेडिएटरला तीसेक. भरलेला ट्रक चोर्ला घाट चढताना वेग कमी, म्हणजे समोरची हवाही कमी, आणि भार सर्वांत जास्त. सपाट रस्त्यावरच्या चाचणीचे आकडे दाखवून जो ट्रक इथे विकला जाईल, त्याची चाचणी आधी या घाटात उन्हाळ्यात व्हावी.

एवढं असूनही फ्युएल सेल काही ठिकाणी पक्का पाय रोवून उभा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या गोदामांत हजारो फोर्कलिफ्ट त्यावर चालतात. कारण तिथे तीन पाळ्यांत काम चालतं, एकाच छताखाली एक भरणा यंत्र सगळ्यांना पुरतं आणि बॅटऱ्या बदलण्यात जाणारा वेळ वाचतो. जपानमध्ये 2009 पासून घरगुती एने-फार्म संच विकले जातात, लाखांच्या संख्येने. ते घरच्या गॅसवर चालतात, सातशे वॉटच्या आसपास वीज देतात आणि उरलेल्या उष्णतेवर आंघोळीचं पाणी तापतं. उलट बाजूला 2024 मध्ये शेलने कॅलिफोर्नियातली मोटारींची हायड्रोजन केंद्रं कायमची बंद केली आणि 2025 मध्ये निकोला ही ट्रक कंपनी दिवाळखोरीत गेली. जिथे इंधन जागेवर होतं आणि यंत्र वर्षभर चाललं तिथे सेल जगला. जिथे इंधन दुरून आणावं लागलं आणि गिऱ्हाईक तुरळक राहिलं तिथे तो मेला.

तासांचा हा मुद्दा आकड्यांत पाहा. किलोवॉटला एक लाख रुपये असा सरळ आकडा धरू. 25 किलोवॉटचा संच 25 लाखांचा. वीज गेल्यावरच चालवला आणि वर्षाला 250 तास भरले, तर दहा वर्षांत 62,500 युनिट होतात आणि भांडवलाचाच बोजा युनिटला चाळीस रुपये पडतो. तोच संच अखंड चालवून 25,000 तास वापरला तर सव्वासहा लाख युनिट, युनिटला चार रुपये. म्हणून फौंड्रीत वीज गेल्यावर भट्टीच्या कॉइलचं पाणी फिरतं ठेवायला फ्युएल सेल घ्या असा सल्ला आम्ही देणार नाही. तिथे डिझेल जनरेटर आणि उंचावरची पाण्याची टाकी हेच बरं. भट्टीतला रस वाचवायला सेल मोठा हवा, आणि तो वर्षभर नुसता उभा राहणार.

बॅकअपसाठी एक अपवाद आम्ही करतो, तो खानापूर तालुक्याच्या पश्चिम टोकाचा. कणकुंबी, जांबोटी, भीमगडच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात झाडं तारांवर पडतात आणि वीज दिवसेंदिवस येत नाही. ढगांमुळे सौर पॅनेल निकामी, आणि बॅटरी एक-दोन दिवसांची. मोबाइल टॉवरचा भार दीड किलोवॉट धरला तर दिवसाला 36 युनिट. दाबाखालच्या हायड्रोजनवर चालवायचं तर रोज साडेतीन-चार सिलिंडर चिखलातून चढवावे लागतील, ते जमणारं नाही. मिथेनॉल आणि पाण्याच्या मिश्रणावर चालणारा संच मात्र इथे बसतो. युनिटला साधारण एक लिटर मिश्रण धरा. पावसाळ्याआधी दोन-तीन पिंपं नेऊन ठेवली की आठ-दहा दिवसांची सोय होते. टॉवरला 48 व्होल्टचा डीसी प्रवाहच लागतो, त्यामुळे इन्व्हर्टरही मधे नको. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची दारू म्हणून चोरी झाली तर माणसं मरतात, आंधळी होतात. म्हणून कुलूप, कडू चवीचं द्रव्य मिसळणं, रंग आणि लिटरालिटराची नोंद याशिवाय ते जंगलात ठेवू नये.

आता साखर कारखाने. बेळगाव जिल्ह्यात वीसहून अधिक कारखाने आहेत. गाळलेल्या उसाच्या साडेतीन टक्के प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) निघतो. दिवसाला 5,000 टन गाळणाऱ्या कारखान्यात 175 टन. पंचवीस टनांना एक टन शुद्ध केलेला बायोगॅस धरला तर रोज सात टन गॅस. त्यातली ऊर्जा 90,000 युनिटांच्या आसपास. गॅस इंजिनात घातला तर 35,000 युनिट वीज मिळेल, सिरॅमिकच्या सॉलिड ऑक्साइड सेलमध्ये 55 टक्क्यांनी 50,000, म्हणजे सलग दोन मेगावॉट. या सेलला प्लॅटिनम लागत नाही, मिथेन चालतो, तापमान 700 ते 850 अंशांचं. कागदावर हे आपल्या भागाला अगदी साजेसं तंत्र दिसतं.

पण हिशेब इथेही प्रामाणिकपणे करू. तोच सात टन गॅस सीबीजी (दाबाखाली भरलेला बायोगॅस) म्हणून किलोला 54 रुपयांनी विकला तर दिवसाला पावणेचार लाख येतात. पन्नास हजार युनिट सात रुपयांनी मोजले तर साडेतीन लाख, आणि त्यासाठी महागडा सेल घ्यायचा. आज गॅस विकणं बरं, यात शंका नाही. शिवाय गाळप चालतं नोव्हेंबर ते मार्च. हा सेल गरम व्हायलाच काही तास घेतो, आणि वारंवार थंड-गरम केला की सिरॅमिक आणि काचेची सील तडकतात. त्याला वर्षाचे आठ हजार तास हवेत. त्यासाठी प्रेसमड हंगामात दाबून, ताडपत्रीखाली हवाबंद साठवावा लागेल. उघड्या ढिगात तो आपोआप तापतो आणि गॅसला लागणारा सेंद्रिय भाग झपाट्याने घटतो. शेतकरी आज प्रेसमड खत म्हणून नेतात, त्यांचा हक्क बुडता कामा नये. गॅस काढल्यावर उरलेला रबडा शेताला चालतो, तो त्यांना आधीच्याच भावात मिळेल असं करारात लिहावं.

मग सेल नको तर खर्च कशावर? शुद्धीकरणावर. कच्च्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड दहा लाखांत हजार ते काही हजार भाग असतो. सेलला तो एकाच्या खाली हवा. पहिल्या टप्प्यात जैविक स्क्रबर किंवा लोहयुक्त द्रावण, मग गॅस थंड करून ओल काढायची, मग रसायन मुरवलेल्या कार्बनची दोन पिंपं एकापाठोपाठ. बिघाड नेहमी इथेच होतो. पिंप एकच बसवतात, ते केव्हा भरलं कळत नाही आणि गंधक पुढे निघून जातं. पिंपं दोन असावीत आणि दोघांच्या मधे नमुन्याचा कॉक असावा. तिथे लेड ॲसिटेटचा ओला कागद धरायचा. कागद तपकिरी व्हायला लागला की पहिलं पिंप संपलं. दुसरं पुढे घ्यायचं आणि नवं भरलेलं त्याच्या मागे लावायचं. कागदाचा खर्च नगण्य आहे, शिस्तीचा मोठा आहे. अशी शिस्त लागलेला कारखाना आज गॅस विकेल आणि सेल परवडेल त्या दिवशी त्याचा गॅस तयार असेल. हे काम सेलची वाट न पाहता पैसे देतं, म्हणूनच ते आधी करायचं.

आमची सर्वांत मोठी आशा मात्र सुट्या भागांवर आहे. मोठ्या प्रमाणावर उत्पादन धरलं तर फ्युएल सेल यंत्रणेच्या खर्चाचा सुमारे निम्मा भाग संचाच्या बाहेरचा असतो: हवेचा कॉम्प्रेसर, आर्द्रतेचं यंत्र, पंप, व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड, टोकाच्या जाड प्लेटा, विजेच्या पेट्या. बेळगावचं ओतकाम, यंत्रकाम आणि हायड्रॉलिक्स याच कामाचं आहे. टोकाची प्लेट ॲल्युमिनियमची, सपाटी काही शतांश मिलिमीटरच्या आत. ती वाकली तर मधल्या सेलवर दाब कमी पडतो आणि तिथूनच गळती सुरू होते. व्हॉल्व्हची बॉडी 316 एल स्टीलची, निकेल 12 टक्क्यांच्या वर असलेली, कारण हायड्रोजन साध्या पोलादाला ठिसूळ करतो. कॉम्प्रेसरचं चाक मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतं आणि तेलाचा थेंबही चालत नाही, त्याच्या बेअरिंग हवेवर तरंगतात. पाच अक्षांवर विमानाचे भाग कापणारी यंत्रं हत्तरगीला आहेत. कमतरता स्वच्छतेची आहे: धुलाई, तेलाचा अंश मोजणं, ज्या हवेत ग्राइंडिंग होतं तिथे हे भाग न उघडणं.

अडतं कुठे, तर भाग बनवल्यावर तो सेलला चालतो हे सिद्ध करायला जागा नाही. लहान कारखानदाराने स्वतः चाचणी बेंच उभा करायचा तर तो कर्जात बुडेल. म्हणून हे सार्वजनिक काम आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहभागाने फ्युएल सेलची मोटार 2020 मध्ये आणि बस 2022 मध्ये चालवून दाखवली गेली. ते ज्ञान महामार्गाने साडेतीनशे किलोमीटरवर आहे. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ तर मच्छ्यालाच आहे. दहा किलोवॉटचा बेंच, गॅस मोजणारे नियंत्रक, प्रत्येक सेलचा व्होल्टेज नोंदवणारी यंत्रणा, हीलियमची गळती चाचणी आणि गॅसची शुद्धता तपासणारी छोटी प्रयोगशाळा एवढ्याने सुरुवात होते. सीमेपलीकडच्या शिनोळी आणि कागलचे कारखानदारही इथेच आले पाहिजेत. एकाच कारखानदाराची एक शेड उद्यमबागेत आणि दुसरी शिनोळीला असते, तर चाचणी केंद्राच्या फाटकावर राज्य विचारण्यात अर्थ नाही. दोन्ही सरकारांच्या उद्योग खात्यांनी खर्चाचा वाटा उचलावा, अशी आमची मागणी आहे.

आणि कोणी हायड्रोजनचं यंत्र विकायला आलंच तर निविदेत पाच आकडे लेखी घ्यावेत: किती तास चालल्यावर व्होल्टेज दहा टक्के उतरेल, किती चालू-बंदांची हमी आहे, युनिटमागे गॅस नव्या संचात किती आणि उतरलेल्या संचात किती, बदली संचाची किंमत आज किती, आणि बिघाड झाल्यास माणूस किती तासांत येईल. यातला तिसरा आकडा बहुधा टाळला जातो. जुना संच तेवढ्याच विजेसाठी जास्त गॅस घेतो, आणि ते बिल खरेदी करणाऱ्यालाच भरावं लागतं.

शेवटी सुरक्षिततेचं. हवेत चार ते पंचाहत्तर टक्के हायड्रोजन असला की तो पेटू शकतो, आणि ठिणगी अगदी क्षुल्लक पुरते. तो वर जातो, म्हणून शेडच्या कण्याला उघडी झडप हवी, सेन्सर छताखाली हवा, आणि एक टक्क्याला भोंगा वाजून गॅस आपोआप बंद व्हायला हवा. नळी जोडताना आटे डावे असतात, उजवीकडे जोर लावून ते खराब करणं ही नवख्यांची ठरलेली चूक. ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. पूर्वी हायड्रोजनच्या कामावरचे लोक संशय आल्यावर गवती झाडू पुढे धरून चालत, झाडू पेटला की ज्योतीची जागा कळे. ही माहिती आज इंग्रजी पुस्तिकेत येते. उद्यमबागेत किंवा निपाणी-चिकोडीच्या कारखान्यात पाळीला उभा असलेला माणूस घरी मराठी नाही तर कन्नड बोलतो. सूचनांचे फलक, व्हॉल्व्ह बंद करण्याचा क्रम आणि आयटीआयमधलं प्रशिक्षण या दोन्ही भाषांत असावं. त्या भाषांतराचा खर्च वेगळ्या मंजुरीची वाट न पाहता यंत्राच्या खरेदी किमतीतच धरावा.